पाइपाची मागची बाजू

पुढच्या शॉकअपमधून तेल गळतंय, हे पहिल्यांदा मी पाहिलं. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, "घाम आला असेल गाडीला." आमचे हे असेच. ह्यांच्या खिशातलं पेन कोणी उचललं तर मागून टोपणही नेऊन देतील. त्यामुळे आमच्या घरात संशय घ्यायचं सगळं काम लग्नापासून माझ्याकडे आहे आणि ते मी मन लावून करते. दूधवाला मापात बोट बुडवतो, शिंपी उरलेलं कापड परत देत नाही, आणि शाळेत ज्या दिवशी मुलं फार शहाण्यासारखी बसलेली असतात त्या दिवशी कुठली तरी काच फुटलेली असते. लोक म्हणतात, बाई फार शंकेखोर आहे. म्हणोत. दूध आमच्याकडे मापात येतं.

तेव्हा आम्ही बदनापूरला दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. नव्वदीतले दिवस. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते आणि शाळा हमरस्त्यापासून बरीच आत, एका वाडीवर होती. हे बियाण्यांच्या कंपनीत होते, गावोगावचे प्लॉट बघत फिरायचे. सकाळी मला शाळेत सोडायचं, तिथून पुढं शेतांवर जायचं आणि संध्याकाळी परत मला घ्यायचं, असा त्यांचा रिवाज. शंभर सीसीची मोटारसायकल होती, आणि ती घेण्यामागं एकच कारण होतं.

त्याआधी दोनदा मला दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मधेच गेले. पहिल्यांदा समजायच्या आतच, दुसऱ्यांदा पोट दिसू लागल्यावर. त्या काळात मी शाळेत काळीपिवळी जीपनं जायची. मागच्या बाकावर माणसं कोंबलेली, खाली स्टेपनी, आणि रस्ता असा की चाक खड्ड्यात गेलं की डोकं टपाला लागायचं. दुसऱ्या वेळी जालन्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कारण नक्की सांगता येत नाही. पण पुढच्या वेळी धक्के टाळा." सांगायला सोपं आहे. रजा होती नव्हती ती दोन्ही आजारपणांत संपलेली, शाळेत आम्ही दोघंच शिक्षक, आणि नोकरी मला सोडायची नव्हती. तेव्हा जीप सोडली आणि गाडी घेतली. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा ठरवलं की गाडी हळू चालवायची, खड्डे चुकवायचे आणि हे मूल कसंही करून जगवायचं. त्या वर्षी मला दुसरं काही नको होतं.

आणि नेमकं तेव्हाच तेल गळायला लागलं.

शॉकअप म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन बाजूंचे दोन पाय. वर चकचकीत लोखंडी पाइप, खाली जाड नळकांडं, आणि पाइप त्या नळकांड्यात खालीवर सरकतो. आत स्प्रिंग असते आणि तेल असतं. स्प्रिंग धक्का झेलते, तेल तिला उड्या मारू देत नाही. तेल बाहेर येऊ नये म्हणून नळकांड्याच्या तोंडाशी रबराची चकती बसवतात, ते ऑइल सील, आणि सीलवर धूळ जाऊ नये म्हणून एक रबरी टोपी. हे सगळं मला तेव्हा झोपेतसुद्धा म्हणून दाखवता आलं असतं. कारण सील गेलं की तेल जातं, तेल गेलं की ब्रेक मारल्याबरोबर गाडी नाक खाली घालते, आणि खड्ड्यात पुढून खट्‌ असा आवाज येतो. तो आवाज मला पोटात ऐकू यायचा.

ह्यांनी गाडी जालन्याला नेली, जुन्या मोंढ्याजवळच्या एका मिस्त्रीकडे. शॉकअपचं काम त्याच्याइतकं कोणाला जमत नाही, असं मोंढ्यातले सगळे सांगायचे, आणि त्यांच्याहून जास्त तो स्वतः सांगायचा. तोंडात पान, कानाला पेन्सिल, आणि समोर गिऱ्हाईक असलं की आवाज चढलेला. "साब, ये हात से जो शॉकप निकला, वो दोन साल मुडके न्हाई आता." त्यानं दोन्ही सीलं बदलली, नवीन तेल भरलं. गाडी आठवडाभर लोण्यासारखी चालली. मग एका सकाळी मी पुढचं मडगार्ड पाहिलं तर त्यावर तेलाचे थेंब होते. पाइपावर एक काळपट, ओलं कडं.

"ह्यानं सीलं बदललीच नाहीत," मी म्हटलं.

"अगं, माझ्यासमोर बदलली."

"तुम्ही पेपर वाचत असाल."

हे गप्प बसले, म्हणजे पेपरच वाचत होते. दुसऱ्या वेळी मी स्वतः गेले. रविवार होता. दुकानात बायका येत नसत, त्यामुळे मला बसायला एक स्टूल शोधून पुसून दिलं गेलं आणि सगळे मिस्त्री एकदम अदबीनं पाने-पेचकस उचलू लागले. मी सीलं वाटेतल्या दुकानातून स्वतः विकत आणली होती आणि घरमालकाच्या मुलीकडून नेलपॉलिश मागून दोन्हींवर आतल्या बाजूनं गुलाबी ठिपका दिला होता. परत उघडायची वेळ आलीच तर माझंच सील आहे की बदललंय ते कळावं म्हणून. मिस्त्रीनं ठिपका पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि पानाची पिंक टाकायला बाहेर गेला.

मग त्यानं माझ्यासाठी सगळं दाखवून दाखवून केलं. पाइप काढले, रॉकेलनं धुतले, आरशाच्या एका मोठ्या तुकड्यावर ठेवून गरगर फिरवले. पाइप वाकलेला असला तर काचेवर फिरताना डुगडुगतो. डुगडुगला नाही. बोटाच्या नखानं खालपासून वरपर्यंत चाचपून पाहिलं, गंज लागून खड्डा पडला आहे का ते. तसं काही नव्हतं. मागच्या बाजूला मात्र बारीक बारीक चरे होते, दोन्ही पाइपांना, एकाच उंचीवर. "धूळ का काम है," तो म्हणाला. मी म्हटलं धूळ पुढून उडते, चरे मागं कसे? त्यावर तो बारीक पॉलिश पेपरनं ते चरे घासायला लागला.

तेल भरायच्या वेळी मी त्याला पकडलंच. एका नळकांड्यात त्यानं नवीन बाटलीतलं तेल ओतलं आणि दुसऱ्यात, मी रस्त्याकडे पाहतेय असं समजून, आधीचंच काढलेलं तेल फडक्यातून गाळून ओतायला लागला.

"मिस्त्री, ते काय?"

"कुछ न्हाई मॅडम. अच्छा तेल है, फेकायचं कशाला?"

"ते तुमच्या गाडीत घाला. माझ्यात नवीन."

तो हसला आणि बाटली उचलली. हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तुला पोलिसात जायला पाहिजे होतं." पण मला त्या दिवशी बरं वाटलं. चोर सापडला म्हणजे गळती थांबणार, असा माझा साधा हिशेब.

गळती थांबली नाही. दहा-बारा दिवसांतच मडगार्डवर पुन्हा थेंब.

आता मी घरात बघायला लागले. आधी ह्यांची पाळी. मला सोडल्यावर गाडी कुठं कुठं जाते, मागं कोण बसतं, ओझं काय नेता? बराच वेळ टोलवाटोलवी करून कबूल केलं की एकदा टाकीवर बियाण्यांची पोती ठेवून नेली होती. मी दोन दिवस बोलले नाही. पण पोती एकदाच नेली होती, तेल रोज गळत होतं.

मग आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मूळच्या भोकरदनकडच्या, पिंपळगाव रेणुकाईच्या. माझं दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा माझ्या मदतीला म्हणून आल्या आणि राहिल्या. कमी बोलणारी बाई. मला कमी बोलणाऱ्या माणसांची फार शंका येते, कारण काय चाललंय ते कळायला काही मार्गच ठेवत नाहीत. दवाखान्यातून मी घरी आले त्या दिवशी त्यांनी मीठ-मोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढायला घेतली. वर रेणुकाईच्या देवळातलं कुंकू पोटाला लावायला हात पुढं केला. मी उसळले. म्हटलं, "तुम्ही माझ्या अंगाला काही लावू नका. काहीसुद्धा." तेव्हा मला तसंच वाटत होतं आणि माझ्या अंगाबद्दल बोलायचा हक्क माझाच होता, हे आजही माझं मत आहे. त्यांनी हातातलं कुंकू परत करंड्यात झाडलं. त्या दिवसापासून त्यांनी मला हात लावला नाही. चहा दिला तरी कप माझ्या हातात देत नसत, माझ्याजवळ फरशीवर ठेवायच्या आणि बाजूला व्हायच्या.

तिसऱ्यांदा दिवस राहिले हे त्यांना ह्यांनी सांगितलं. त्या मला काही म्हणाल्या नाहीत. नोकरी सोड म्हणाल्या नाहीत, गाडीवर बसू नको म्हणाल्या नाहीत. मला वाटायचं, आत्याबाईंना माझं मूल हवंच आहे की नाही? मला सरळ सरळ राग यायचा त्यांच्या गप्प बसण्याचा. आणि रोज सकाळी आम्ही निघताना त्या दारात यायच्या, आमच्याकडे न बघता गाडीच्या चाकाकडे बघायच्या.

तिसऱ्या वेळी मिस्त्रीकडे गेले तेव्हा माझं पोट दिसू लागलं होतं. मिस्त्रीनं ते पाहिलं आणि स्टूल न देता आतून खुर्ची मागवली. टोपी सरकवली, सील धरून ठेवणारं लॉक काढलं, सील उचकटलं. माझा गुलाबी ठिपका जागच्या जागी होता. सील माझंच होतं, तेल माझ्यासमोर भरलेलं होतं. मग हे काय?

तेव्हा ते घडलं. सीलच्या ओठाशी, मागच्या बाजूला, लालसर तपकिरी गाळ जमला होता. मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं तो खरवडला आणि त्यात काहीतरी पांढरं, बारीक दिसलं. त्यानं ते बोटावर घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्यादेखत ते सुताच्या बोळ्यानं पुसून बोळा नालीत फेकून दिला.

"काय होतं ते?"

"मिट्टी, मॅडम."

"पांढरी माती?"

"रस्ते की मिट्टी है. लाल, पांढरी, सब रहती." आणि इतका बोलका माणूस, पण पुढं काम संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही. जाताना ह्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "साब, गाडी घर में जरा संभालके लगाव." मी ते ऐकलं. घरात म्हणजे?

परतीच्या वाटेवर माझं डोकं नुसतं फिरत होतं. हा माणूस काहीतरी लपवतोय, ह्यात मला शंकाच नव्हती. आधी वाटलं, यानंच काहीतरी घातलं असेल, गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा यावं म्हणून. मग 'घर में' आठवलं. म्हणजे घरी कोणीतरी करतंय आणि ह्याला ते ठाऊक आहे. कोण? आमच्या गाडीवर कोणाचा डोळा असणार? मी घरमालकावर शंका घेतली, शेजाऱ्यावर घेतली. आणि मग दारात उभी राहून गाडीच्या चाकाकडे बघणारी ती गप्प बाई माझ्या डोळ्यांसमोर आली. असं कसं मनात आणावं? पण माझ्या मनात ते आलं, आणि एकदा आलं की माझ्या मनातून काही जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या आधी उठले. अंगणात उजाडत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडी नीट दिसायची, भिंतीच्या कडेनं लावलेली असायची. मी चूल न पेटवता खिडकीशी उभी राहिले.

आत्याबाई आंघोळ करून, ओल्या केसांनी बाहेर आल्या. हातात छोटं ताट होतं. इकडेतिकडे पाहिलं, घराच्या दाराकडे तर दोनदा पाहिलं, आणि गाडी आणि भिंत यांच्या मधल्या अरुंद जागेत शिरल्या. मग खाली बसल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, बसताना त्यांनी चाकाचा आधार घेतला. ताटातल्या ओल्या हळद-कुंकवाची बोटं त्यांनी पाइपाला लावली. पुढून नाही, मागून, टोपीच्या अगदी वर, जिथं माझी नजर जाणार नाही तिथं. आधी एका पायाला, मग दुसऱ्याला. वर तांदळाचे दाणे चिकटवले. मग दोन्ही हात पाइपाच्या मागं जोडले आणि ओठ हलत राहिले. रोज सकाळी आम्ही निघालो की पहिल्या खड्ड्यात पाइप खाली सरकायचा, आणि हळद, कुंकू आणि तांदूळ टोपीतून आत, सीलपर्यंत घेऊन जायचा.

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. मी बाहेर गेले. माझी चाहूल लागली तसं त्यांनी ताट पदराखाली घेतलं. उठायला गेल्या तर गुडघ्यानं साथ दिली नाही.

"गाडीला लावलं," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "तुला न्हाई लावलं. तुझ्या अंगाला हात न्हाई लावला म्या."

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. तेल का गळतं, सील कशानं फाटतं, तो खट्‌ आवाज कुठून येतो, गेले दीड-दोन महिने मी कशाच्या मागं लागले होते. मी सगळं तोंडावर बोलणारी बाई. पण त्या तशाच बसल्या होत्या, भिंतीला पाठ लावून, आणि मला कळलं की हे बोललं आणि उद्या पुन्हा काही झालं, तर ही बाई मरेपर्यंत म्हणत राहील की मीच केलं. आणि काही झालं नाही तरीही म्हणेलच. तिनं ज्याच्यासाठी हात जोडले त्याला तिच्याच हातानं धक्के बसत होते. हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगणार?

मी त्यांच्या शेजारी टेकले. म्हटलं, "आत्याबाई, तिथं नका लावू. तिथलं पुसून जातं, टिकत नाही. इथं मडगार्डवर लावा, छान दिसेल." आणि त्यांच्या ताटातल्या कुंकवात बोट बुडवून मीच मडगार्डवर एक ठिपका दिला. "बघा. किती छान."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

पुढच्याच रविवारी मी मिस्त्रीकडे गेले. ह्या वेळी सील बदलायला आणि भांडायला, दोन्हीसाठी. "तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "तांदूळ होता तो."

तो पाना खाली ठेवून हात पुसत राहिला. "मॅडम, चावल होता, कुंकू बी होता. मैंने पयले बार मे ही देखा. पर मैं कैसा बोलता? घर की पूजा की बात. आणि मी बोललो असतो तर तुम्ही काय म्हटलं असतं? मिस्त्री आपला काम छुपाके हमारे पूजा पे नाम डाल रहा. शक तो तुम्ही वैसेच करते."

मी त्याला काय म्हटलं असतं, हे मला चांगलं माहीत होतं. जसंच्या तसं तेच. "पण तेल तर तुम्ही जुनं ओतत होता," मी म्हटलं, कारण काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

"वो अलग बात है," तो म्हणाला आणि हसला. मीही हसले. त्यानं पाइपांना नवीन सीलं बसवली, तेल माझ्यासमोर नव्या बाटलीतून भरलं, आणि शॉकअप पुन्हा कधी गळला नाही.

मडगार्डवरचा ठिपका दोन-तीन दिवस दिसला. मग दिसेनासा झाला. मी मुद्दाम वाकून पाइपाची मागची बाजू पाहायची. तीही कोरडी, स्वच्छ. आत्याबाईंनी पूजा बंद केली होती. रोज सकाळी अंगणात येऊन नुसत्या उभ्या राहायच्या, हात पदरात गुंडाळून. आणि त्याच सुमारास त्यांनी चहा सोडला. ज्या बाईला सकाळी उठल्याउठल्या चहा लागायचा, ती चहाकडे बघेना. मी विचारलं तर म्हणाल्या, "पित्त होऊन राह्यलं." मला अर्थातच ते खरं वाटलं नाही. वाटलं, रुसल्यात. मी ठिपक्याची जागा बदलली ते आवडलं नसणार. मी मनात म्हटलं, रुसू द्या, तेल तर राहिलं ना.

मी शाळेत जात राहिले. हे मुंगीच्या पावलानं गाडी चालवायचे. रस्त्यातला एकेक खड्डा मला तोंडपाठ झाला होता. खड्डा आला की मी पोटावर हात ठेवायची आणि गाडी पुढून मऊ दबायची आणि तेवढीच मऊ वर यायची. असे दिवस मोजत मोजत शेवटचे महिने आले. मग बाळंतपणाची रजा घेतली, आणि जालन्याच्या दवाखान्यात मला मुलगी झाली, धडधाकट, भरपूर रडणारी. शुद्धीवर आले तेव्हा आत्याबाई खाटेशेजारी बसल्या होत्या. मुलीला त्यांनी मांडीवर घेतलं, तिचं तोंड पाहिलं, आणि ह्यांना म्हणाल्या, "जाय, माझ्यासाठी चहा आण. साखर जास्ती टाकायला सांग." मी तेव्हा दमलेली होते. लक्षात राहिलं, पण अर्थ लावायला गेले नाही.

वर्षं गेली. मुलगी हायस्कूलला गेली तेव्हा तिनं सायकल मागितली. तोपर्यंत दुकानांत गिअरवाल्या, जाड टायरच्या सायकली आल्या होत्या. पुढं मोटारसायकलसारखे दोन शॉकअप लावलेल्या. पोरांना तेच हवं असायचं. दुकानात मी सायकलीचं हँडल दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, वर येताना कुठं अडकतं का ते पाहिलं, आणि दुकानदाराला विचारलं, आत तेल आहे की ग्रीस? सील कुठल्या मापाचं? पाइप काढून दाखवता का? तो म्हणाला, "मॅडम, सायकल आहे. ट्रक नाही." मुलगी लाजेनं दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली.

सायकल घरी आली. आत्याबाई आता काठी घेऊन चालायच्या. ताट घेऊन बाहेर आल्या, सायकलीला ओवाळलं, हँडलच्या मधोमध हळद-कुंकू लावलं, दोन तांदूळ चिकटवले. मुलगी म्हणाली, "आजी, ह्या शॉकअपला पण लाव ना. चमकतो बघ किती."

"न्हाई बाई," आत्याबाई म्हणाल्या. "तिथं न्हाई लावायचं. तिथं लावलं की तेल गळतं."

मी पायरीवर बसून भाजी निवडत होते. हातातली मेथी तशीच राहिली. मुलगी सायकल घेऊन गेली, गल्लीच्या टोकापर्यंत घंटी वाजत राहिली. मग मी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगनार?" त्या पायरीवर टेकल्या. काठी बाजूला ठेवली. "कोणी न्हाई सांगितलं."

"मग?"

"मंग काय. तू त्या दिशी माझ्यापाशी बसली. आत्याबाई आत्याबाई करून राह्यली. छान दिसेल म्हणली. स्वतःच्या हातानं कुंकू लावलं." त्या जराशा हसल्या, पण डोळे हसत नव्हते. "त्याच्या आदी तू कवा तरी माझ्याशी इतकं गोड बोलली होतीस का? तवाच मला शंका आली. म्हणलं, ही खोटं बोलून राह्यली. मंग म्या पाइपाकडं नीट बघितलं. वल्लं कडं दिसलं, त्यात माझंच कुंकू." त्यांनी गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. "पोरगी सुखरूप होईस्तोर चहा न्हाई पिणार म्हणलं देवीला. दुसरं काय होतं माझ्याजवळ सोडायला?"

इतकी वर्षं मी त्यांच्यावर नजर ठेवून होते, आणि त्या माझं सगळं ओळखून गप्प होत्या. दवाखान्यातला तो जास्त साखरेचा चहा मला आत्ता कळला.

मी आत गेले, चहा ठेवला, साखर जास्त घातली. आणि बाहेर येऊन कप त्यांच्याजवळ पायरीवर ठेवला नाही, त्यांच्या हातात दिला.